भिंतीमागचे पाणी
(दगडी धारक भिंतीचा भराव आणि निचरा यांविषयी चार उपयुक्त गोष्टी)

आपल्या गोव्यात सपाट जमीन थोडी आणि उतार फार. नदीकाठची शेते आणि खाजने सोडली, तर घर बांधावयाचे म्हणजे डोंगराच्या कुशीत जागा कोरावयाची, एका अंगाने माती कापावयाची आणि दुसऱ्या अंगाने ती भरावयाची. कापलेली असो वा भरलेली, ती माती जागेवर राहावी म्हणून भिंत लागतेच. घरामागे भिंत, देवळाच्या प्रांगणाला भिंत, कुळागराच्या पायऱ्यांना भिंत, शाळेच्या मैदानाला भिंत. आपल्या न्यासाचे सभागृहही अशाच एका भिंतीच्या आधाराने उभे आहे आणि तिच्या पायथ्याच्या वाटेने रोज लहान मुले ये-जा करतात. या भिंतीला अभियंते धारक भिंत म्हणतात, सरकारी कागदांत ती संरक्षक भिंत होते आणि गवंडी तिला सरळ रिटेनिंग म्हणतो. नाव कोणतेही असो, काम एकच : मागची माती पुढे येऊ न देणे.

भिंत बांधताना आपण सर्वजण पुढची बाजू पाहतो. दगड घडीव आहे का, सांधे एका ओळीत आहेत का, दरजा नीट भरल्या आहेत का, हे विचारतो. मागच्या बाजूला काय घातले, हे विचारणारा यजमान क्वचित भेटतो. कारण ती बाजू चार दिवसांत मातीखाली जाते आणि पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. परंतु दगडी भिंत बहुधा पुढच्या बाजूच्या दोषाने पडत नाही, मागच्या बाजूच्या दोषाने पडते. म्हणून या लेखात आम्ही त्या न दिसणाऱ्या बाजूचाच विचार करणार आहोत. यात गणित थोडे आहे, पण सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला झेपेल इतकेच आहे. ते वाचकांनी टाळू नये, अशी विनंती आहे.

माती भिंतीला किती ढकलते?

कोरडी वाळू जमिनीवर ओतली, तर तिचा ढीग होतो. तो ढीग एका ठराविक उतारापर्यंत उभा राहतो. त्याहून उभा केला की वाळू घसरते. वाळूचे कण एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणाने ढीग धरला जातो. याचा अर्थ असा, की भिंतीमागची सगळी माती भिंतीवर रेलत नाही. बरीचशी माती स्वतःच्याच घर्षणाने उभी असते. भिंतीला अंग टाकून बसते ती फक्त पाचरीच्या आकाराची एक राशी, जी भिंत नसती तर घसरून खाली आली असती.

ही पाचरीची कल्पना फ्रेंच लष्करी अभियंता शार्ल कुलोम याने मांडली. मार्टिनिक बेटावर किल्ल्याच्या बांधकामात त्याची कित्येक वर्षे गेली होती आणि त्या अनुभवाच्या पाठबळावर लिहिलेला त्याचा निबंध १७७६ साली छापला गेला. पुढे १८५७ साली स्कॉटिश अभियंता रँकिन याने तोच हिशेब अधिक सोपा करून दिला. त्याप्रमाणे, घर्षणाचा कोन ३० अंश असलेली कोरडी भुसभुशीत माती आपल्या उभ्या वजनाच्या एकतृतीयांश एवढाच आडवा दाब देते.

आता उदाहरण घेऊ. भिंत ३ मीटर, म्हणजे सुमारे १० फूट उंच आहे. मागची माती दर घनमीटरला १८०० किलो भरते. मातीचा दाब वर शून्य असतो आणि खाली जाताना वाढत जातो, म्हणून त्याची आकृती त्रिकोणाची होते. भिंतीच्या दर मीटर लांबीवर एकूण आडवा जोर येतो तो असा : अर्धा, गुणिले एकतृतीयांश, गुणिले १८००, गुणिले ३ चा वर्ग, म्हणजे २७०० किलो. हा जोर पायापासून एकतृतीयांश उंचीवर, म्हणजे १ मीटरवर, लागू होतो.

पाणी आले की काय होते?

आता कल्पना करा, की भिंतीमागे पाणी तुंबले आणि ते माथ्यापर्यंत चढले. येथे दोन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे माती पाण्यात बुडाल्यामुळे तिचे परिणामी वजन कमी होते, ते दर घनमीटरला सुमारे १००० किलो उरते. त्यामुळे मातीचा स्वतःचा जोर २७०० वरून १५०० किलोवर येतो. वाचकास वाटेल, की हे बरेच झाले! पण दुसरी गोष्ट याहून फार मोठी आहे. पाण्याला घर्षण ठाऊक नाही. पाण्याचा ढीग होत नाही. ते आपले सर्वच्या सर्व वजन आडवे भिंतीवर टाकते. त्याचा हिशेब : अर्धा, गुणिले १०००, गुणिले ३ चा वर्ग, म्हणजे ४५०० किलो. दोन्ही मिळून ६००० किलो. कोरड्या मातीच्या सव्वादोन पटींच्या घरात हा जोर जातो, आणि तोही भिंतीत एक दगड कमी न होता व मागे मातीची एक पाटी न वाढता.

समजा, ही भिंत माथ्यावर ६० सेंटिमीटर आणि पायाशी दीड मीटर रुंद आहे, मागची बाजू सरळ उभी व पुढची तिरपी आहे. दगडी बांधकाम दर घनमीटरला २४०० किलो धरले, तर तिचे वजन दर मीटर लांबीला ७५६० किलो होते. पायाच्या पुढच्या कडेवर उलटण्याविरुद्ध ही भिंत ७१२८ किलो-मीटर एवढा प्रतिकार करते. कोरड्या मातीचा उलटवणारा आघूर्ण २७००, म्हणजे भिंतीजवळ अडीच पटींहून अधिक बळ शिल्लक आहे. पाणी भरले की तोच आघूर्ण ६००० होतो आणि बळ सव्वापटीपेक्षाही कमी उरते. सरकण्याचा विचार केला तर स्थिती आणखी वाईट. पायाखालचे घर्षण वजनाच्या शेकडा ५५ धरले, तर भिंत ४१५८ किलोपर्यंतचा धक्का सोसते. कोरड्या मातीच्या २७०० किलोंना ती सहज पुरून उरते. पण ओल्या भरावाच्या ६००० किलोंपुढे ती टिकणार नाही, पायासकट पुढे सरकेल. शिवाय पाणी पायाखाली शिरून भिंतीला खालून उचलू लागते, ते आम्ही येथे हिशेबात धरलेलेच नाही.

एवढ्यावरून एक गोष्ट मनात पक्की व्हावी. भिंत जाड करून पाण्याशी झुंजण्यापेक्षा पाण्याला वाट करून देणे फार स्वस्त आणि फार सुरक्षित असते.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. २०१९ साली जून महिन्याच्या २९ तारखेस पुण्यात कोंढवा येथे एका गृहसंकुलाची भिंत मुसळधार पावसात कामगारांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ माणसे गेली. त्यानंतर तीनच दिवसांनी, २ जुलैच्या मध्यरात्रीनंतर, मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात टेकडीवरची भिंत वस्तीवर आली आणि तीसच्या आसपास माणसे दगावली. त्या भिंती आपल्या भिंतींसारख्याच होत्या, असे आमचे म्हणणे नाही. परंतु दोन्ही ठिकाणी रात्र होती, अतोनात पाऊस होता, आणि भिंतीखाली माणसे निजलेली होती. भिंत मालकाची असते, पण ती पडते तेव्हा बहुधा दुसऱ्याच्या अंगावर पडते. म्हणून तिची जबाबदारी इतर बांधकामाहून अधिक आहे.

जुना गडगा का टिकला?

आपल्या वाडवडिलांनी रचलेले कोरडे गडगे शंभर शंभर पावसाळे पाहून उभे आहेत. त्यांत चुना नाही, सिमेंट नाही; नुसता दगडावर दगड आणि मध्ये चिपा. पुष्कळांना याचे नवल वाटते. त्यात नवल नाही. कोरड्या गडग्याचा प्रत्येक सांधा ही पाण्याची वाट असते. मुसळधार पावसात त्याच्या अंगातून पाणी झिरपताना आपण पाहतो, आणि म्हणूनच त्याच्यामागे पाणी साठत नाही. त्या गवंड्याने गणित मांडले नसेल, पण गडग्याला मागे रेलण देणे, मोठा दगड पायाशी घालणे, मधून मधून लांब दगड आत मातीपर्यंत नेणे, आणि पाठीशी बारीक धोंड्यांची भर घालणे, या गोष्टी तो पिढ्यान्‌पिढ्या करीत आला.

आता पुष्कळ ठिकाणी असे होते, की घर नवे झाले म्हणजे जुन्या गडग्यालाही नवे रूप देण्याची इच्छा होते. सांधे सिमेंटने भरले जातात, वर गिलावा होतो, रंगही लागतो. दिसावयास भिंत पक्की झाली, पण वस्तुतः तिची श्वासाची छिद्रे बुजली. कोरड्या गडग्याची जाडी ही पाणी तुंबणार नाही या भरवशावर ठरलेली असते. तो भरवसा काढून घेतला आणि जाडी तेवढीच ठेवली, तर एकदोन पावसाळ्यांत तिचे पोट पुढे येते. जुन्या गडग्याला सिमेंटच्या दरजा भरू नयेत. सुटलेले दगड पुन्हा कोरडेच रचावेत. आणि भरावयाच्याच असतील, तर आधी निचऱ्याची व्यवस्था करावी आणि मगच सिमेंटला हात घालावा.

भराव कशाचा घालावा?

भरावाची निवड हा भिंतीच्या आयुष्याचा अर्धा निर्णय होय. चांगल्या भरावाला दोन गुण हवेत : पाणी त्यातून चटकन निघून जावे, आणि भिजला तरी तो फुगू नये. जाडसर मुरूम, खडी, नदीची वा दगड फोडून केलेली धुतलेली जाड रेती, दगडांच्या चिपा हे चांगले भराव. जांभ्याचा तुकडेदार मुरूमही चालतो, मात्र त्यात चिकट मातीचे प्रमाण थोडे असले पाहिजे. दगडखाणीची भुकटी स्वस्त मिळते म्हणून निचऱ्यासाठी वापरतात. ती वापरू नये, कारण तिची पूड भिजून घट्ट बसते आणि पाणी अडवते.

आपल्या भूमीचा एक विशेष येथे सांगितला पाहिजे. वरचा जांभा कठीण आणि सच्छिद्र असतो, पण त्याच्या खाली पुष्कळ ठिकाणी पांढरट, पिवळसर किंवा गुलाबी मऊ मातीचा थर लागतो. कोरडी असताना ही माती कुदळीने खणावी लागते; पाणी लागले की लोण्यासारखी होते. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपत खाली येते आणि या मऊ थराशी अडून बाजूला फुटते. डोंगराच्या कडेला पावसाळ्यात जे उमाळे फुटतात ते बहुधा याच सांध्यावर. पाया खणताना असा थर लागला, तर दोन गोष्टी कराव्यात : त्या मातीचा एक पाटीभरही अंश भरावात जाऊ देऊ नये, आणि त्या सांध्यावर येणारे पाणी मुद्दाम धरून बाहेर काढावे.

आपले जे सभासद बेळगाव-धारवाडकडे किंवा इंदूर-बडोद्याकडे स्थायिक आहेत, त्यांची गाठ काळ्या मातीशी पडते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीमागे ती कोंडली, तर पाण्याच्या दाबात फुगण्याच्या दाबाची भर पडते. भिंतीलगतची काळी माती काढून तेथे मुरूम घालणे, हाच तेथला उपाय. घराची जुनी मोडतोड, झाडांची मुळे, पालापाचोळा, प्लास्टिकचा कचरा यांपैकी काहीही कोठल्याही भरावात असू नये. पालापाचोळा कुजतो, तेथे पोकळी होते, आणि पोकळीत पाणी बसते.

निचऱ्याची रचना

निचऱ्याचे तीन भाग असतात आणि तिन्ही एकमेकांशी जोडलेले असावे लागतात : पाठीचा दगडी थर, पायथ्याची नळी, आणि भिंतीतील भोके.

पाठीचा थर भिंतीच्या पूर्ण उंचीभर उभा घालावयाचा असतो. आपल्या देशातील रस्त्या-पुलांच्या प्रमाणभूत पद्धतीत तो ६० सेंटिमीटर जाडीचा धरतात. भिंतीकडे मोठे दगड आणि मातीकडे लहान. घराच्या लहान भिंतीला ३० सेंटिमीटर तरी असावा. लहानमोठ्या दगडांचा हा क्रम उगाच नाही. मोठ्या दगडांची थेट मातीशी गाठ घातली, तर मातीचे बारीक कण पाण्याबरोबर दगडांच्या फटींत शिरतात. मागे माती पोखरली जाते आणि पुढे निचरा बुजतो, असे दुहेरी नुकसान होते. मध्ये बारीक खडीची आणि जाड रेतीची चाळण असली म्हणजे पाणी जाते आणि माती राहते.

चाळणीचे दाणे किती मोठे असावेत, याचा नियम मृदाशास्त्राचा जनक कार्ल तेरझागी याने घालून दिला. तो असा : मागची माती चाळून पाहावी आणि तिचा शेकडा ८५ भाग ज्या आकाराहून बारीक आहे तो आकार काढावा. चाळणीचा शेकडा १५ भाग ज्या आकाराहून बारीक असतो, तो आकार मातीच्या त्या आकाराच्या चार ते पाच पटींहून मोठा नसावा. उदाहरणार्थ, मातीचा आकार अर्धा मिलिमीटर आला, तर चाळणीचा आकार दोन ते अडीच मिलिमीटरच्या आत हवा, म्हणजे जाड रेती हवी. तीच रेती मागच्या मातीपेक्षा पुरेशी जाडही हवी, नाहीतर पाणी जाणार नाही. अलीकडे या रेतीऐवजी जिओटेक्स्टाइल नावाचे न कुजणारे कापड मिळते. ते माती आणि खडी यांच्या मध्ये लावतात. कापड चांगले आहे. मात्र फाटलेले नसावे, दोन पट्ट्या एकमेकींवर हातभर चढवाव्यात, आणि ते भिंतीतील भोकाच्या तोंडावर नुसते चिकटवून काम उरकू नये. तसे केल्यास हातभर कापडावर सगळ्या भिंतीचा गाळ येतो आणि ते बुजते.

दुसरा भाग पायथ्याच्या नळीचा. भिंतीच्या मागच्या टाचेशी, दगडी थराच्या तळाला, १०० ते १५० मिलिमीटर व्यासाची भोकाभोकांची नळी खडीत गुंडाळून ठेवावी, तिला शंभरास एक एवढा तरी उतार द्यावा, आणि तिचे तोंड भिंतीच्या टोकाशी उघड्यावर काढावे. नळीच्या खाली घट्ट मातीचा किंवा काँक्रीटचा थर असावा, म्हणजे जमलेले पाणी पायाखाली मुरणार नाही.

तिसरा भाग भिंतीतील भोकांचा. गवंडी त्यांना वीप होल म्हणतात. ही १०० मिलिमीटर व्यासाची, पुढे उतरती, सुमारे एक-एक मीटर अंतरावर असावीत. वरच्या ओळीतील भोक खालच्या दोन भोकांच्या मध्यावर यावे. सर्वांत खालची ओळ पुढच्या जमिनीच्या वीतभर वर असावी. येथे एक फसवणूक सर्वत्र आढळते, ती वाचकांनी ओळखून ठेवावी. भिंतीच्या पुढच्या तोंडाला वीतभर नळीचे तुकडे बसवलेले असतात, पण त्यांच्यामागे दगड आणि चुनासिमेंट घट्ट भरलेले असते. भिंतीला भोके दिसतात, पण त्यांतून पाणी कधीच येत नाही. कित्येकदा नळी आरपार असते, परंतु तिचे मागचे तोंड चिकणमातीत पुरलेले असते. यावर सोपी परीक्षा आहे. भराव वर येत असता, प्रत्येक ओळ झाकण्यापूर्वी, मागच्या दगडी थरात एक घागर पाणी ओतावे आणि ते पुढे येते का, हे स्वतः पाहावे. पाणी आले नाही, तर काम तेथेच थांबवावे. या परीक्षेला घागरभर पाण्याखेरीज खर्च नाही.

डोंगर कापून बांधलेल्या भिंतीच्या बाबतीत आणखी एक सुचवावेसे वाटते. शक्य असेल तेथे निचऱ्याचा एक थर कापलेल्या डोंगराच्या अंगाशी तिरका घालावा आणि तो पायथ्याच्या नळीला मिळवावा. डोंगरातून येणारे पाणी मग भरावात शिरण्यापूर्वीच अडते, आणि भरावाची पाचर मुळात कोरडी राहते.

भराव घालण्याची रीत

बांधकाम पुरते वाळण्यापूर्वी मागे माती ढकलणे, ही घाई फार ठिकाणी होते. सिमेंटच्या चुन्याला बळ येण्यास दिवस लागतात. त्याला दोन आठवडे तरी पाणी मारून मगच भराव चढवावा. कोरड्या गडग्याचे मात्र उलट आहे : तेथे रचाई आणि पाठभर बरोबरच वर आली पाहिजे.

भराव एकदम ओतू नये. सुमारे २० सेंटिमीटरचा थर पसरावा, धुमसाने ठासावा, मग दुसरा थर घ्यावा. मुरुमात ओल किती असावी, हे मुठीने कळते. मूठभर माती दाबली असता तिचा गोळा व्हावा, हाताला चिखल लागू नये, आणि गोळा सोडला असता त्याचे तुकडे व्हावेत. भिंतीपासून हातभर ते दोन हात अंतरात हातधुमस किंवा हलके यंत्रच चालवावे. तेथे वजनदार रोलर आणला, तर त्याचा धक्का ओल्या बांधकामावर बसतो आणि भिंत पहिल्याच दिवशी पुढे कलते. भराव लवकर बसावा म्हणून त्यात नळी सोडून तो पाण्याने तुडुंब करण्याची चाल आहे. निव्वळ रेतीला ती चालते, मातीला कदापि चालत नाही. ज्या पाण्यापासून भिंतीला वाचवावयाचे, तेच पाणी आपण हाताने मागे भरतो.

वरचे पाणी

निचरा कितीही चांगला असो, मुळात पाणी कमी शिरावे, हे उत्तम. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस येथे कोणाला नवा नाही. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अंगणावर एवढा पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी होते. हे पाणी कोठे जाते, हा प्रश्न भिंतीच्या मालकाने स्वतःला विचारावयाचा आहे.

म्हणून भरावाच्या माथ्यावर ३० सेंटिमीटरचा चिकट मातीचा थर ठासून बसवावा; चिकणमातीची योग्य जागा हीच, भिंतीच्या पाठीशी नव्हे. त्याला भिंतीपासून दूर उतार द्यावा आणि कडेने पक्के गटार करून पाणी बाजूला न्यावे. छपराची पन्हळ भिंतीमागे सोडू नये. शौचालयाचा शोषखड्डा, पाण्याची टाकी आणि बागेचे सततचे शिंपण भिंतीपासून दूर असावे. भिंतीवर गाड्या उभ्या करणे, चिऱ्यांची रास मांडणे याचाही भार होतो. दर चौरस मीटरला १००० किलो भार ठेवला, तर आमच्या उदाहरणातील भिंतीवर दर मीटरला आणखी १००० किलो आडवा जोर येतो. भिंतीतून बाहेर आलेले पाणीही पायथ्याशी सोडून देऊ नये. तेथे पक्का चर हवा, नाहीतर तेच पाणी पाया उघडा पाडते.

भिंतीची लक्षणे

भिंत सहसा न सांगता पडत नाही. तिची चिन्हे ओळखावीत. पाऊस कोसळत असता भोके कोरडी आणि दगडांचे सांधे मात्र ओले. दगडांवर पांढरे क्षार. मध्यभागी पोट आलेले. वरच्या जमिनीत भिंतीला समांतर भेग. पायथ्याची जमीन उचललेली. भोकांतून स्वच्छ पाण्याऐवजी गढूळ पाणी. भेग किंवा पोट दिसले, तर त्यावर गिलावा करून ते लपवू नये. पहिले काम म्हणजे भिंतीखालची वाट बंद करून माणसे हलविणे. दुसरे, भेगेत पाणी शिरणार नाही अशी तात्पुरती झाकण करणे आणि वरचे पाणी दुसरीकडे वळविणे. तिसरे, माहीतगार अभियंत्यास बोलाविणे. पायथ्याशी खणून पाहण्याचा मोह पावसात कोणीही करू नये. भिंतीला तोलून धरणारी माती नेमकी तीच असते. पोट न आलेल्या, पण भोके नसलेल्या जुन्या भिंतीला उन्हाळ्यात यंत्राने आरपार भोके पाडून, आत जाळीदार नळ्या घालून निचरा करता येतो. तीन मीटरहून उंच भिंत, किंवा जिच्या वर अथवा खाली घर आहे अशी कोणतीही भिंत, अभियंत्याच्या आराखड्यावाचून बांधू नये.

शेवटची विनंती

एक हिशेब देऊन लेख संपवितो. दहा मीटर लांब, तीन मीटर उंच भिंतीच्या मागे ६० सेंटिमीटरचा दगडी थर घालावयाचा तर १८ घनमीटर, म्हणजे सुमारे साडेसहा ब्रास दगड-खडी लागते. भिंतीला लागणाऱ्या ३१ घनमीटर बांधकामाच्या मानाने, आणि पडलेली भिंत उपसून पुन्हा बांधण्याच्या मानाने, हा खर्च लहान आहे. तरीही काटकसर करावयाची वेळ आली की पहिली कात्री यालाच लागते. कारण कमानीवर देणगीदाराचे नाव कोरता येते, भिंतीमागच्या खडीवर कोरता येत नाही. सार्वजनिक संस्थांत तर हे फारच घडते.

म्हणून महोत्सवाच्या निमित्ताने कार्यकारी मंडळापुढे आणि सर्व कुटुंबांपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. दरवर्षी मृगापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, आवारातील व घरच्या प्रत्येक भिंतीची भोके लांब सळईने मोकळी करावीत आणि माथ्याचे गटार साफ करावे. आषाढातील पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन एकदा भिंतीसमोर उभे राहावे, कोणते भोक वाहते आणि कोणते नाही, ते वहीत टिपावे, आणि बंद असलेल्यांचे काम दसऱ्यानंतर हाती घ्यावे. आणि यापुढे कोठलीही नवी भिंत बांधताना, मागचा निचरा डोळ्यांनी पाहून त्याची छायाचित्रे ठेवल्याखेरीज कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता देऊ नये.

समारंभाच्या खर्चात या तिन्ही गोष्टींचा खर्च दिसूनही येणार नाही. परंतु पुढच्या पावसाळ्यात त्या वाटेने जाणारी मुले निर्धास्त जातील. संस्थेने एवढे केले, तरी या वर्षी पुष्कळ केले, असे आम्ही समजू.